पाचव्या टीमची मॅनेजर

सांगलीत परत येऊन महिना होत आला, तरी माझी बॅग अजून पूर्ण उघडलेली नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, मॅडम, तिकडे काय पाहिलंत? मी सांगते, युनिव्हर्सिटीच्या पाचव्या टीमची नेटबॉलची मॅच पाहिली. लोकांचा चेहरा पडतो. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीकाठचं ते फिरतं चाक, यातलं काहीच नाही का? पाहिलं ना, पण ते तुम्हाला फोनवरही दिसतं. मग मी मॅचची हकीकत सांगते आणि शेवटी ऐकणारा डोळा मिचकावतो. "मॅडम, तुम्ही म्हणजे तुम्हीच." म्हणजे ते मी मुद्दाम केलं असं त्याला वाटतं. कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून जन्म काढला की बाईची कीर्ती अशीच होते. म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते. ज्यांना विश्वास ठेवायचा त्यांनी ठेवावा.

वॉटफर्ड

माझी मुलगी मंजिरी लग्नानंतर वॉटफर्डला गेली ती तिथलीच झाली. कौन्सिलच्या कोणत्या रंगाच्या बिनमध्ये कोणता कचरा जातो हे तिला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी मी केळ्याचं साल भलत्या बिनमध्ये टाकलं. तिने ते हाताने काढून योग्य बिनमध्ये टाकलं आणि मला चकार शब्द बोलली नाही. हे न बोलणं तिने तिच्या वडिलांकडून उचललंय. त्यानंतर मी दोन दिवस कचराच केला नाही.

घर छान, उबदार. शेजारी भले, पण दिसतात फक्त गाडीत बसताना. संध्याकाळी पाचला अंधार पडला की सगळी गल्ली दारं लावून गडप होते. दुकानात मात्र कढीपत्त्यापासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं आणि गल्ल्यावरचे काका आपल्याशी हिंदीत भाव करतात, त्यामुळे परदेशात आल्याचं समाधान काही मिळेना.

चार दिवसांनी जेवताना मंजिरीने विषय काढला. तिची मुलगी इरा, माझी एकुलती एक नात, ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे.

"आई, प्लीज, तू तिच्याशी बोल. फायनल इयर आहे, डिसर्टेशन अर्धं पडलंय आणि बाईसाहेब नेटबॉलच्या मागे. फर्स्ट टीम असती तर एक वेळ ठीक होतं. फिफ्थ टीम गं! तुझं ऐकते ती."

आता ज्या बाईने आयुष्यभर मुलींच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांच्या हातचा गोड मिट्ट चहा पिऊन, अहो पोरीला खेळू द्या म्हणून विनवण्या केल्या, तिलाच नातीचा खेळ सोडवायला पाठवायचं, हे मंजिरीला कसं सुचलं कोण जाणे. मी हो हो म्हटलं आणि शेंगदाण्याचे लाडू वळायला बसले. मॅचच्या आधी एक लाडू आणि मॅचनंतर एक, हा आमच्या कॉलेजचा रिवाज. डबा गच्च भरला. बॅगेत तळाशी माझा जुना ट्रॅकसूट टाकला आणि सवयीने शिट्टीही टाकली.

ब्रिस्टल

ब्रिस्टल म्हणजे चढ आणि उतार. सपाट जागा म्हणून मला सापडली ती इराच्या घरातली जेवणाच्या टेबलाची, आणि तीही एका पायाने लंगडी होती. एका टेकडीवर रंगीबेरंगी घरांची रांग, त्यातलं पिवळं घर पाच मुलींनी मिळून घेतलेलं. फ्रीजमध्ये दुधाच्या पाच बाटल्या, प्रत्येक बाटलीवर मालकिणीचं नाव. हीटिंग पाचही जणींचं एकमत झाल्याशिवाय लावायचं नाही असा ठराव होता आणि एकमत काही होत नव्हतं. मी चहा प्यायले तो कानटोपी घालून.

इरा माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय. वॉटफर्डमध्ये जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत टेबल कधी स्त्री असतं आणि खुर्ची कधी पुरुष, पण बोलते मात्र धीटपणे आणि भरपूर. मी विचारायच्या आधीच तिने खेळाचं सगळं सांगून टाकलं, आणि ऐकता ऐकता मला दोनदा चहा गार झाल्याचं कळलं नाही.

तिथे कॉलेजातला खेळ म्हणजे मुलांचाच कारभार. बुधवारी दुपारी वर्गच नसतात. सगळ्या देशात त्या दुपारी पोरं खेळतात. फिजिकल डायरेक्टर नाही, टीए-डीए नाही, नारळ नाही, प्राचार्यांचे दोन शब्द नाहीत. प्राचार्यांना ही टीम आहे हेच माहीत नसणार. पहिल्या टीमला कोच असतो म्हणे. पाचव्या टीमला इरा असते. तीच कप्तान, तीच हॉल बुक करणार, तीच मॅचनंतर सगळ्यांचे मळके बिब घरी आणून धुणार. बिब म्हणजे छातीवर घालायचा अक्षरांचा तुकडा, कोण कोणत्या जागेवर खेळतंय ते कळायला. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या खात्याचे शिपाई, क्लार्क आणि दोन कपाटं उभी राहिली. या पोरीने सगळं एका टोटबॅगेत बसवलं होतं.

मग ती म्हणाली की उद्याची मॅच शेवटची. या वर्षी तिची टीम एकही मॅच जिंकलेली नाही. क्लबच्या कमिटीने सांगून टाकलंय, हॉलचे तास कमी आहेत, उद्याही हरलात तर पुढच्या वर्षापासून पाचवी टीम बंद. बरोबरीसुद्धा चालणार नाही.

मी म्हटलं, तू तर उन्हाळ्यात पास होऊन बाहेर पडणार. बंद झाली तर तुला काय?

"आजी, फर्स्ट इयरला मी नुसता रूममध्ये बसायची. मला कुठल्या टीमने घेतला नाही. मग फिफ्थ टीम सुरू झाला, त्यांनी कोणालापण घेतला. तो नसता तर मी ख्रिसमसला घरी गेली असती आणि परत आलीच नसती. मम्माला माहीत नाहीये." ती दुधाच्या बाटलीवरचं नाव नखाने खरवडत होती. "नेक्स्ट इयरला पण कोणीतरी असा रूममध्ये बसणार ना? ती कुठे जाणार?"

मंजिरीने दिलेलं काम मी तिथल्या तिथे रद्द केलं. इतका राग आला मला त्या कमिटीचा आणि इतकी माया आली या लंबूटांग पोरीची की काय सांगू. मी विचारलं, उद्या मी येऊ का? तर मिनीबसमध्ये फक्त टीमची माणसं चालतात, असा नियम. इराने थोडा विचार केला, फोन उघडला, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "तुझा नाव मी मॅनेजर म्हणून टाकला."

आता मॅनेजर म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं ते ज्यांनी मला नोकरीत पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी ट्रॅकसूटला इस्त्री केली.

पुलापलीकडे

बुधवारी सकाळी पहिला अपशकुन झाला. मी लाडवांचा डबा घेऊन मिनीबसमध्ये चढले आणि झाकण उघडताच दोन मुली किंचाळल्या नाहीत एवढंच. टीममधल्या एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी. नुसता वास लागला तरी घसा सुजतो म्हणे. आमच्याकडे शेंगदाण्यावर अख्खे जिल्हे जगतात आणि इथे डब्याला तीन पिशव्यांत गुंडाळून, घरी परत नेऊन, मला साबणाने हात धुवायला लावले. मॅनेजरची सुरुवात ही अशी झाली.

मिनीबस चालवायला पॉपी नावाची मुलगी, टीममधलीच. पाहिली तर ओठावरचं दूध वाळलेलं नाही, पण तिने त्यासाठी वेगळी परीक्षा दिली होती म्हणे. मी सीटबेल्ट दोनदा तपासला. पोरीने गाडी इतकी सभ्यपणे चालवली की आमच्या कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर मला आठवले आणि आपण अजून जिवंत कसे, याचं नवल वाटलं.

मॅच पलीकडे वेल्समध्ये होती. मध्ये एवढा मोठा पूल की एक टोक दिसेपर्यंत दुसरं मागे पडलेलं असतं. खाली ओहोटीचं पाणी आणि मैलभर चिखल, पूर ओसरल्यावर आमच्या कृष्णेकाठी असतो अगदी तसा. पूल संपला तशा सगळ्या पाट्या दोन भाषांत. रस्त्यावर 'हळू' हेसुद्धा दोनदा लिहिलेलं. हिरव्या टेकड्यांवर मेंढ्या आणि त्यांच्यावर पडणारा बारीक, आगाऊ पाऊस. बाहेर हातपाय गोठवणारी थंडी आणि आमच्या मुली गुडघ्याच्या वर वीतभर स्कर्टमध्ये. मी काही बोलले नाही. मॅनेजरने मॅचआधी बोलू नये.

हॉलमध्ये पोचलो. ज्यांना नेटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बास्केटबॉलची शांत बहीण समजा. मॅचचे चार भाग, प्रत्येक बाजूला सात जणी. बॉल टप्पे मारत न्यायचा नाही, एकीने दुसरीकडे फेकायचा. खांबावर नुसती रिंग, मागे बोर्ड नाही. गोल फक्त दोघींनी करायचा, बाकीच्यांनी नाही. आणि बॉल हातात आला की तीन सेकंदांच्या आत सोडायचा, नाहीतर शिट्टी वाजते आणि बॉल समोरच्यांचा. बस्स, एवढं पुरे.

मी बाकावर बसून समोरच्या टीमचं निरीक्षण करत होते. ही माझी जुनी सवय. त्यांच्याही सातच मुली आल्या होत्या, राखीव एकही नाही. त्यातली एक कोपऱ्यात बसून बाळाला दूध पाजत होती. मला वाटलं, कोणाची तरी मोठी बहीण आली असेल. बाळाला प्रॅममध्ये ठेवून ती उठली, केस बांधले आणि छातीवर बिब चढवला. गोल करणारीचा.

मी ताडकन उभी राहिले. पस्तिशीची बाई! आमच्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशी ओलांडली की खेळाडू बाद. फोटो लावलेला एलिजिबिलिटी फॉर्म लागतो, बारावीचं सर्टिफिकेट लागतं, प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, आणि तरीही लोक मामाच्या मुलीला आणून खेळवतात. असे बोगस खेळाडू मी शंभर पावलांवरून ओळखलेत. माझ्या नातीची टीम बंद पडायला निघालेली असताना हे मी चालवून घेणार होते होय?

मी सरळ अंपायरकडे गेले. तीही कोणीतरी विद्यार्थिनीच, नाकात चमकी. मी मॅनेजर या नात्याने प्रोटेस्ट नोंदवला. वयाचा दाखला मागितला, ओळखपत्र मागितलं, सही-शिक्क्याचा फॉर्म मागितला. माझं इंग्रजी रागात फार चांगलं होतं. त्या बिचारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की माफ करा, पण माझ्याकडे फक्त शिट्टी आहे.

एव्हाना इरा धावत आली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "आजी, इथे एज लिमिट नसतो. प्लीज, खाली बस."

पण ती बाई स्वतःच आमच्याकडे आली. नाव केट. समुद्रातल्या शेवाळ्यावर पीएचडी करत होती. तिने फोनवर युनिव्हर्सिटीचं कार्ड दाखवलं, हसून जन्मतारीखही दाखवली. पीएचडीवाली म्हणजे विद्यार्थिनीच, आणि विद्यार्थिनी खेळू शकते, मग ती आजी का असेना. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्याकडे एकदा लग्न झालं की मुलगी मैदानात दिसत नाही, आणि ही लेकुरवाळी इथे बिब घालून उभी.

पुढचं मात्र माझ्या कल्पनेच्या पलीकडचं होतं. केटने इकडे तिकडे पाहिलं. बाळाला सांभाळणारी राखीव खेळाडू आज आजारी होती, नवरा कामावर अडकला होता, सगळ्या हॉलमध्ये रिकामी बसलेली बाई मी एकटी. तिने विचारलं, तुम्ही हिला जरा घ्याल का? मी म्हटलं, अगं, मी आत्ताच तुझ्यावर प्रोटेस्ट घातला.

ती म्हणाली, "जी बाई माझी जन्मतारीख कळावी म्हणून एवढी खटपट करते, ती माझ्या मुलीवरची नजर हलवणार नाही."

आणि मॅच सुरू झाली तेव्हा माझ्या मांडीवर प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वात चांगल्या खेळाडूचं बाळ होतं. नाव मेबल. दात दोन. माझ्या ट्रॅकसूटची चेन तिला फार आवडली.

केट खेळायची कशी म्हणता! उंच नाही, चपळ नाही, पण बॉल हातात आला की रिंगमध्ये गेलाच. तिला अडवायचं काम इराचं होतं. माझी नात हात वर करकरून दमली, पण पहिल्या भागात आम्ही मागेच राहिलो. दुसऱ्या भागात मेबल एकाएकी रडायला लागली. मी काही करायच्या आत केट अंपायरला सांगून कोर्टाबाहेर आली, बाळाला छातीशी धरलं, थोपटलं. असं बाहेर गेलं की पुढचा गोल होईपर्यंत परत आत यायचं नाही असा नियम. तेवढ्यात सहा जणींविरुद्ध आमचा गोल झाला. ती आत गेली, बाळ परत रडलं, ती परत आली, आमचा अजून एक गोल. बरोबरी झाली.

मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटल्या. सगळ्या मुली माझ्याभोवती जमल्या आणि मेबलकडे फार प्रेमाने बघायला लागल्या. पॉपी हळूच म्हणाली की मॅनेजर, हिला जरासा चिमटा काढता येईल का? सगळ्या हसल्या. इरा हसली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि संत्र्याच्या बिया मोजत बसली. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता खरं सांगायचं तर विचार माझ्याही मनात आला. चिमट्याचा नाही, छे! पण बाळ रडायला काही करावं लागत नाही, काही न करणं पुरतं. नुसतं बसून राहायचं. कोणी बोट दाखवू शकणार नाही. ज्या बाईने नोकरीत असताना मॅचच्या आदल्या रात्री समोरच्या टीमला डासांची खोली मिळेल अशी व्यवस्था केलेली आहे, तिला एवढं जड नव्हतं. आणि पलीकडे माझी नात होती, जिचं पहिलं वर्ष खोलीत गेलं होतं.

तिसऱ्या भागात मेबल झोपली. माझ्याच मांडीवर, माझी चेन मुठीत धरून. केट निर्धास्त खेळायला लागली आणि आम्ही परत मागे पडलो. चौथ्या भागात मात्र आमच्या पोरींना काय झालं देव जाणे, ती शेंगदाण्यावाली मुलगी वाऱ्यासारखी पळायला लागली, पॉपीने दोन गोल लागोपाठ केले, आणि शेवटच्या मिनिटात आम्ही एका गोलने पुढे. एका गोलने!

आणि त्याच वेळी बॉल हातोहात केटच्या दिशेने सरकायला लागला, आणि माझ्या मांडीवर मेबल जागी झाली.

तिने आधी डोळे उघडले. मग खालचा ओठ बाहेर आला. मग एक बारीक हुंदका. ज्यांनी मुलं वाढवलीत त्यांना माहीत आहे, या हुंदक्यानंतर एक पोकळी असते आणि त्या पोकळीनंतर आभाळ फाटतं. केटनेही तो हुंदका ऐकला, मी तिची मान आखडलेली पाहिली. मला फक्त बसून राहायचं होतं.

मी उठले. पोरीला खांद्यावर टाकलं आणि तिच्या पाठीवर थोपटत, हळू आवाजात, जन्मभर मैदानावर दिले तेच आकडे द्यायला लागले. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, सावधान, विश्राम. दुसरं काही मला सुचलंच नाही. मेबलने मोठा ढेकर दिला आणि गप्प झाली. अगदी गप्प.

तिकडे एव्हाना बॉल केटच्या हातात आला होता, ती रिंगखाली उभी, समोर इराचे दोन हात. ती किंकाळीची वाट बघत होती. किंकाळी आली नाही. आणि मूल रडलं तर काय करायचं ते आईला ठाऊक असतं, पण रडायचं मूल न रडलं तर आईच्या पोटात गोळा येतो. केटने मान वळवून मागे पाहिलं. बॉल हातातच. मी तिला अंगठा वर करून दाखवला, सगळं ठीक आहे म्हणून. तेवढ्यात शिट्टी वाजली. तीन सेकंद होऊन गेले होते.

बॉल इराचा. तिने तो जिवाच्या आकांताने दूर फेकला आणि वेळ संपली.

आमच्या पोरींनी जो गोंधळ घातला तो ऐकून मेबल शेवटी रडलीच.

मॅच झाल्यावर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं, अशी तिथली रीत. ज्यांनी आत्ता एकमेकींना कोपर मारले त्या शेजारी बसून चिप्स खातात. आमच्याकडे मॅच संपली की आम्ही दगड यायच्या आत बस काढायचो. अजून एक रीत आहे, तिने मी चकित झाले. प्रत्येक टीमने समोरच्या टीममधली सर्वोत्तम खेळाडू निवडायची. आमच्या मुलींनी केटला निवडलं. समोरच्या टीमने डोकी जवळ घेऊन कुजबुज केली आणि त्यांची कप्तान उठून म्हणाली, ब्रिस्टलची मॅनेजर.

मला चॉकलेटचा डबा दिला, टाळ्या वाजवल्या आणि एका दमात ग्लास रिकामा करायला लावला. मी ऑरेंज स्क्वॉश प्यायले. इतक्या वर्षांत कोणत्याही स्पर्धेत मला स्वतःला बक्षीस मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते शत्रूकडून, मूल सांभाळल्याबद्दल. केटने माझ्याकडून ते आकडे लिहून घेतले. म्हणाली, माझ्याकडे ती इतक्या लवकर कधीच गप्प होत नाही. तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. निघताना मेबलचा हात धरून हलवला.

परत ब्रिस्टल

मिनीबसमध्ये सगळ्या ओरडत होत्या, इरा मात्र खिडकीला डोकं टेकून गप्प. मला वाटलं, दमली असेल.

बुधवारी संध्याकाळी सगळ्या टीमांनी काहीतरी सोंग घेऊन नाचायला जायचं, ही तिथली आणखी एक रीत. त्या दिवशीची सोंगं भाज्यांची. घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात मी चहा टाकला, तर दारातून एक वांगं आत आलं. जांभळा पायजमा, जांभळी टोपी, वर हिरव्या पुठ्ठ्याचा देठ. वांगं माझ्यासमोर बसलं.

"आजी, मला खरा सांग. तू मुद्दाम केला?"

मला आधी कळेचना. मग कळलं. तिला वाटत होतं, केट वळून बघेल हे ओळखून मी डाव टाकला. चाळीस जणांनी डोळे मिचकावले असते तर मला अभिमान वाटला असता, पण ही वेगळी होती.

ती म्हणाली, "मुद्दाम केला असशील तर मी आत्ता केटच्या कॅप्टनला मेसेज करणार. मॅच परत देणार. टीम बंद झाला तरी चालेल." देठ थरथरत होता. ओठ मेबलसारखा बाहेर आला होता.

मी म्हटलं, नाही गं, देवाशपथ नाही. बाळ रडलं असतं तर केट बॉल टाकून बाहेर आली असती, बॉल आपल्याला मिळाला असता आणि आपण जिंकलोच असतो. मला ते ठाऊक होतं. मी गप्प केलं म्हणजे आपल्याला हरवायलाच निघाले होते.

इराने माझ्याकडे पाहिलं. मध्यंतराला पाहिलं होतं तशीच नजर.

"मग गप्प का केलीस? माझा टीम गेला असता."

मोठं काहीतरी सांगावं म्हणून शोधलं. खिलाडूवृत्ती वगैरे शब्द बक्षीससमारंभात शेकडो वेळा ऐकलेत. त्यातला एकही त्या वेळी माझ्या मनात नव्हता.

"रडत होती म्हणून," मी म्हटलं.

वांग्याने टेबलावरून झेप घेऊन मला मिठी मारली. तिने फोन बाजूला ठेवला आणि तो मेसेज काही गेला नाही. एवढ्या सगळ्या लोकांत तिने एकटीने विश्वास ठेवला. देठ माझ्या डोळ्यात गेला आणि डोळ्याला पाणी आलं. मंजिरीचा फोन वाजत होता, डिसर्टेशनचं काय झालं विचारायला असणार, पण आम्ही दोघींनी तो उचलला नाही.